कृष्णाबाईचा गळा

२९ जानेवारी २०१२, रविवार

गव्हाणहून, आई-दादाच्या घरून, सात वाजता परतले. भांडून आले आहे, म्हणून लगेच लिहिते. उद्यापर्यंत मी स्वतःची बाजू सजवून ठेवीन.

दादाच्या मुलीचं, दीपिकाचं लग्न चोवीस एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला ठरलं. मुलगा खारघरचा. मूळचे आपल्यातलेच, पण आता सतराव्या मजल्यावर राहणारे. मांडववाला ठरला, डीजे ठरला. मग आई म्हणाली, "आन् धवला?"

कमळाकरदादा बशीत चहा ओतत होता. त्याने मान वर केली नाही. "या लगनात धवला नाय."

होणाऱ्या जावयाने मला हळूच विचारलं, "आत्या, धवला म्हणजे नक्की काय असतं?" आगरी घरातला मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा. त्याला दोष देत नाही. त्याला सांगितलं ते इथे उतरवून ठेवते, कारण सांगताना मलाच ते नीट कळलं. मांडवाची मेढ, म्हणजे पहिला खांब, रोवण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं एक गाणं असतं, ते धवला. ते म्हणणारी बाई धवलारीण. पण ते एकटीने म्हणता येत नाही. एक ओळ टाकते, दुसरी उचलते. पहिलीचा श्वास संपतो त्याआधी दुसरीचा सूर लागलेला असतो, म्हणजे गाणं कुठेच तुटत नाही. आई पन्नास वर्षं ओळ टाकते आहे आणि कृष्णाबाई उचलते आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी कृष्णाबाईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

"एकटीनं धवला नाय होत," आई म्हणाली. "एका हातानं टाली वाजती का?"

"मंग झालंच की," दादा म्हणाला. "भटजी हाय, डीजे हाय. खारघरच्या लोकांपुढं दोन म्हाताऱ्या रडत बसल्यात, ह्या आता नको."

"एकच म्हातारी उरलीय," आई म्हणाली.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "दुसरा आवाज मी देते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईसुद्धा. मी घाईने पुढे म्हणाले, "म्हणजे यंत्रातून. दीपिकाच्या कीबोर्डवर कृष्णाबाईचा आवाज बनवून देते."

दादा हसला. "आता मशिनी धवला गानार. मंग नवरी पन मशीनच बसवू."

लिहिताना तपासून बघते आहे: पहिल्या वाक्याच्या वेळी माझ्या डोक्यात यंत्र होतं का? असणारच. नाहीतर मी तसं का बोलले असते?

३१ जानेवारी

दीपिका रिक्षातून कीबोर्ड घेऊन आली. डिजिटल सिंथेसायझर आहे, एकसष्ट पट्ट्यांचा. कॉलेजच्या गॅदरिंगला ती वाजवायची. तिने आजवर फक्त तयार आवाज वापरले: पियानो, बासरी, शहनाई. आवाज आतून बदलता येतात हे तिला माहीत आहे, पण "आत्या, त्या एडिटच्या पानावर गेलं ना, की परत येता येत नाही."

"मला परत यायची घाई नाही," मी म्हटलं.

"पप्पा चिडलेत तुझ्यावर."

"आणि तू?"

"माझ्या लग्नात आजीने गायला हवं. बाकी तुम्ही काय ते बघा."

ती गेल्यावर एडिटचं पान उघडलं. प्रत्येक आवाज दोन ऑसिलेटरचा बनलेला असतो. ऑसिलेटर म्हणजे यंत्राचा गळा, कंप तिथे जन्मतो. पुढे फिल्टर, म्हणजे तोंड. कंपातली किती धार बाहेर सोडायची ते तो ठरवतो. आणि एन्व्हलप, म्हणजे आवाज कसा उठतो, किती टिकतो, कसा विझतो. बावीस वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना ऑसिलेटरची जोडणी करून देते आहे. तो गळा असतो हे मला आज कळलं.

३ फेब्रुवारी

कॅसेट सापडली. मे १९८९, चुलतबहिणीचं लग्न. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. 'मानवी आवाजाचे आलेख' असा प्रकल्प करायचा होता, म्हणून मैत्रिणीचा टेपरेकॉर्डर मागून नेला होता. मांडवातल्या दिव्यांच्या माळेतूनच त्याला वीज घेतली, त्यामुळे टेपभर बारीक घूं आहे. नंतर सरांनी ऐकून विचारलं होतं, "हे रडणं आहे की गाणं?" वर्ग हसला होता. मीही हसले होते. प्रकल्प बदलला.

पण आवाज आहे. आई त्रेचाळीस-चव्वेचाळीसची, कृष्णाबाई तिच्याहून दोन वर्षांनी लहान.

"पयला धवला कुनाला, मांडवाच्या मेढीला..."

कृष्णाबाईचा षड्ज मोजला. काळी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा तेच.

५ फेब्रुवारी, रविवार

कीबोर्ड घेऊन गव्हाणला. यंत्रात आधीच असलेला 'आऽ' असा बायकांचा आवाज आईला ऐकवला. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "ही ठेसनावरची बाय हाय. गाडी क्रमांक सांगनारी."

खरं आहे. पुसून टाकला. कुणाच्या तयार आवाजाला लिंपून काढण्यापेक्षा कोऱ्या लहरीपासून सुरुवात केलेली बरी.

१२ फेब्रुवारी

आठवडाभर कॉलेजातून आल्यावर हेच. मिळालेलं लिहून ठेवते.

पहिल्या ऑसिलेटरला करवतीच्या दातांसारखी लहर दिली, खरखरीत. दुसऱ्याला सनईच्या पातीची, नाकातली. दोन्ही एकाच स्वरावर ठेवले तर आवाज मेलेला वाटतो, कितीही फिल्टर फिरवा. मग डीट्यून नावाची सोय वापरली. त्याने एक ऑसिलेटर दुसऱ्यापासून किंचित सरकवता येतो. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग करतात, त्यातले सात भाग मी सरकवले. आणि ते जिवंत झालं. कृष्णाबाईचा आवाज एकटा असतानाही दोन धाग्यांचा होता, हे मला ऐकून माहीत होतं पण कळलं नव्हतं.

दीपिकाने फोनवर ऐकलं. "आत्या, डीट्यून म्हणजे मुद्दाम बेसूर करणंच ना?"

"सात भाग बेसूर," मी म्हटलं. "तेवढी तर माणसं असतातच."

आणखी एक. कृष्णाबाई स्वरावर सरळ येऊन बसत नाही, खालून चढते, उंबरठा ओलांडल्यासारखी. तेही एन्व्हलपमध्ये बसवलं. नाव देताना इंग्रजी अक्षरंच मिळतात. KISHNABAI असं साठवलं. आई तिला किष्नीच म्हणते, पण यंत्रात मान द्यावा असं वाटलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

पहिली तालीम. आई मागच्या पडवीत पाय पसरून बसली, मी पुढ्यात खोक्यावर कीबोर्ड ठेवला. आवाज निघाला तेव्हा आईने पदर तोंडाला लावला.  मला वाटतं तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला निकाल होता.

मग तिने ओळ टाकली. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच.

"किष्नी एवढी वर कदी गात नवती," आई म्हणाली.

"आई, कॅसेटमध्ये मोजलंय मी. काळी दोन."

"मना काली-पांढरी नाय समजत. वर हाय."

"तेव्हा तूही तिथेच गात होतीस. टेपमध्ये आहे, ऐकवू?"

ऐकवलं. ती ऐकत राहिली आणि गप्प झाली. पुराव्यापुढे कोण काय बोलणार.

२६ फेब्रुवारी

आईचा आवाज आजही फाटला. वहिनी सांगत होती, आई रोज दुपारी सगळे निजले की मागे जाऊन एकटीच ताणते. मिरी चघळते. परवा खोकून खोकून उलटी झाली.

लिहायला बरं वाटत नाही, पण ही वही खोटं लिहिण्यासाठी नाही: आई सदुसष्टची आहे. गळा उतरला आहे आणि तिला ते मान्य नाही. यंत्र आहे तिथेच आहे. बदललेली ती आहे.

मी तिला म्हटलं, "जमेल, सवय होईल." हे शिक्षकी वाक्य आहे. मी शिक्षिकासुद्धा नाही.

४ मार्च, रविवार

कृष्णाबाईकडे गेले, आमच्या घरापासून चौथं घर. खाटेवर उशांना टेकवून बसवलं होतं. तिचाच आवाज तिच्या परवानगीशिवाय वापरते आहे हे महिनाभर टोचत होतं. विचारायला नको का?

वाजवला. तिचे डोळे मोठे झाले. मग डावा हात उचलला, तळहात खाली, आणि हवेत दाबला. पुन्हा दाबला. मी थांबले तर हाताने खूण केली, वाजव. वाजवलं, की परत तेच, तळहात खाली दाबणं. शेवटी तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिला ते सहन होत नाही. बंद कर, म्हणत होती. 'वाजव' असं का सुचवत होती ते कळलं नाही. बहुधा मनाची उलघाल. घरी येताना एसटीत कीबोर्ड मांडीवर घेऊन बसले होते, आणि एखाद्याची वस्तू चोरून नेत असल्यासारखं वाटत होतं.

११ मार्च, रविवार

आईने सोडलं.

पडवीत बसलोही नाही. मी खोकं मांडायला लागले तर ती म्हणाली, "नको मांडू. मना आता नाय होत. संपला. कमल्याला सांग, डीजे लाव."

दादा दारात उभा होता. त्याला आनंद झाला असेल असं मी गृहीत धरलं होतं, पण चेहरा तसा नव्हता. चिडला तो माझ्यावर. "म्हातारीचा जीव घेतलास तू. चांगली गप बसली हुती. तुना काय पडलंय गो धवल्याचं? स्वताचं लगीन नाय केलंस, आन् दुसऱ्यांची लावाय निघालीस."

चव्वेचाळीस वर्षांत हे वाक्य मी पुष्कळ वेळा ऐकलं आहे, पण भावाकडून पहिल्यांदाच. माझ्याआधी आई बोलली, जमिनीकडे बघत. "धवला गानारीला नवरा नाय लागत कमल्या. दम लागतो."

"तो तुज्याकडं उरलाय का?"

आई उठून आत गेली.

मी दादाला सांगितलं, धवला होणार. कसा ते मला माहीत नव्हतं, अजूनही नाही. पण एखादी गोष्ट रडण्यासारखी वाटते म्हणून मी एकदा हसून सोडून दिली आहे. दुसऱ्यांदा सोडणार नाही.

१५ मार्च



प्रात्यक्षिक परीक्षा संपल्या म्हणून आज सोनोमीटर आवरत होते. तार ताणलेली पेटी, विजेची वारंवारता काढायचा प्रयोग तिच्यावर करतात. एका मुलीच्या उत्तरपत्रिकेचा कागद खाली चिकटला होता. उत्तर: त्रेपन्न. परीक्षकाने लाल शाईत लिहिलं होतं, 'वीज पन्नासच असते. चूक तुमच्या तारेत.'

बरोबरच आहे. भिंतीतल्या विजेची घूं सेकंदाला पन्नास कंपांची असते, गव्हाणमध्येही, १९८९ मध्येही, जवळपास तेवढीच. आणि माझ्या कॅसेटवर ती घूं आहे.

घरी येऊन कॅसेट संगणकाला जोडली आणि आवाजाचा आलेख काढला. तळाशी एक बारीक आडवी रेघ. पन्नासवर असायला हवी होती. त्रेपन्नवर होती. तीन वेळा. पाच वेळा.

मैत्रिणीचा टेपरेकॉर्डर हळू फिरत होता. पट्टा सैल असेल. हळू फिरणाऱ्या यंत्रावर जे टिपलं ते चांगल्या यंत्रावर वेगात वाजतं, आणि सगळे आवाज वर चढतात. पन्नासाचे त्रेपन्न म्हणजे बरोबर एक पट्टी. काळी दोन नव्हतीच. पांढरी दोन, तिच्या लगेच खालची.

"वर हाय," आई म्हणाली होती. पहिल्या दिवशी. पन्नास वर्षं तिने जो सूर रोज घेतला तो तिला माहीत होता, आणि मी तिला तेवीस वर्षांपूर्वीच्या एका सैल पट्ट्याचा पुरावा दाखवून गप्प केलं. महिनाभर तिला एक पट्टी वर ओढलं. ती उलटी होईस्तोवर ओढत होती. आणि मी इथे, याच वहीत, लिहून ठेवलं: बदललेली ती आहे.

ते पान फाडणार नाही. राहू दे.

आणि तळहात खाली. कृष्णाबाई बंद कर म्हणत नव्हती. खाली घे म्हणत होती.

१६ मार्च

रजा टाकून गव्हाणला. आई वाल सोलत होती. मी सगळं सांगितलं, पट्टा, घूं, त्रेपन्न. ती सोलत राहिली.

"म्हंजे माजा गला हाय?"

"आहे. मी चुकले."

"मना वाटला, मी संपली." दोन-चार वाल सोलले. "येवढा शिकून एक गोष्ट नाय शिकलीस. इचारतंस, आन् मंग आयकत नाय."

मी मान्य केलं. ती म्हणाली, "आता उतरव ती तुजी पेटी खाली."

आधी कृष्णाबाईकडे. पट्टी उतरवून वाजवलं. तिचा डावा हात उचलला गेला, तळहात खाली, पण दाबला नाही. गोधडीवर टेकवला आणि बोटांनी ठेका धरला. उजव्या डोळ्यातून पाणी येतच असतं तिच्या, त्यामुळे त्याचा अर्थ मी लावत नाही. पुष्कळ अर्थ लावून झाले माझे.

संध्याकाळी पडवीत आईने सात धवले सलग म्हटले. एकदाही फाटली नाही.

१ एप्रिल, रविवार

नवी अडचण. आई म्हणते, "किष्नी मदी दम घेती. ही बया दमच नाय घेत. हिला बगून मना धाप लागती."

पट्टी दाबून धरली की यंत्र कयामतपर्यंत गात राहील. म्हणून श्वास मला घ्यावा लागतो, म्हणजे बोट उचलावं लागतं. पण कुठे? शब्द तोडून चालत नाही. कॅसेट ऐकून खुणा केल्या; कागद बघत वाजवलं की उशीर होतो. शेवटी एकच उपाय सापडला, शब्द स्वतःशी पुटपुटायचे. श्वास लागला की बोट आपोआप उठतं.

पुटपुटणं फक्त मोजमापासाठी आहे. वाजवणं चुकू नये म्हणून.

"सगले पाठ हायेत गो तुना," आई म्हणाली.

"लहानपणी ऐकलेत ना."

"आयकले नाय. अठरा वर्साची हुतीस तवापरत गात हुतीस. किष्नीच्या मांडीला मांडी लावून."

हे मी विसरले होते असं नाही. लिहिलं मात्र नव्हतं कुठे.

८ एप्रिल

दादाने शेवटचं सांगितलं: मांडवात धवल्याला पाच मिनिटं. व्याह्यांना, म्हणजे काशिराम शेठना, त्याने 'छोटासा पारंपरिक कार्यक्रम' असं सांगितलं आहे.

"पाच मिनटांत मेढीला हळदपन लागत नाय," आई म्हणाली.

"मंग राहू दे."

मी म्हटलं, "दादा, आम्ही सुरू करू. पाच मिनिटांनी तू स्वतः येऊन आईला थांबव. सगळ्यांसमोर. डीजेवाल्याला नको पाठवू, तू ये."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लई बोलाय लागलीस."

लागले आहे. याचं मला थोडं आश्चर्य वाटतं आणि बरंच बरं वाटतं.

२२ एप्रिल

उद्या दुपारी हळद, परवा लग्न. सगळं तिसऱ्यांदा तपासलं. KISHNABAI दोन ठिकाणी साठवला आहे.

भीती लिहून ठेवते: मांडवात शहनाई सोडून काही वाजलं की लोक हसतील. हसू देत. मी त्या हसण्यात सामील होणार नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

२५ एप्रिल

झालं. काल रात्री पडले ती आज दुपारी उठले. क्रमाने लिहिते.

हळदीला डीजेवाला शिवा आला, स्पीकरच्या भिंती लावून. मी माझी वायर दिली. त्याने आवाज ऐकला आणि तोंड वाकडं केलं. "मावशी, यात शहनाई नाय का? बरं, थोडा इको मारू?"

"मारायचा असेल तर बाहेर जाऊन मार."

"आजीला माइक एक. तुमाला?"

"मला कशाला? मी वाजवणार आहे."

तो आईकडे गेला माइक लावायला. दोघं काहीतरी बोलले. मग त्याने माझ्याही पुढ्यात एक स्टँड ठेवला. म्हणाला, पेटीचा आवाज जवळून घ्यायला. वायर दिलेली असताना जवळून कशाला, हे विचारायचं राहिलं. गडबडच तेवढी होती.

काल मांडवात आईने पहिली ओळ टाकली. दोन खुर्च्यांवरची खारघरची मुलं हसली, ती माझ्या लक्षात आहेत. मी पट्टी दाबली, कृष्णाबाईचा आवाज खालून चढत स्वरावर आला, आणि मागे बसलेल्या गव्हाणच्या बायका एकदम वळल्या. एकीने मोठ्याने विचारलं, "किष्नी आली?"

त्यानंतरचं नीट आठवत नाही, आणि आठवत नाही असंच लिहायला हवं. बोटं, श्वास, आईचा हात. आई मध्येच डोळे मिटून माझ्या बाजूला कलत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दादा खरंच उठला. आमच्यापर्यंत आला. मी वाजवता वाजवता त्याच्याकडे बघितलं, नजर काढली नाही. आईने शब्द न तोडता धवल्यात त्याचंच नाव घातलं, नवरीचा बाप म्हणून. तो धवला बापाच्या नावानेच असतो. दादा उभा राहिला. मग खाली वाकला, आणि तिथेच, मेढीपाशी मांडी घालून बसला.

चाळीस मिनिटं. काशिराम शेठच्या म्हाताऱ्या आईने, सत्यवतीबाईंनी, शेवटच्या तीन धवल्यांना ओठ हलवले. सतराव्या मजल्यावर कोण गाणार तिच्यासोबत.

दीपिका निघताना माझ्या कानात म्हणाली, "आत्या, मस्त गायलीस." घाईत तिने 'वाजवलंस'ऐवजी म्हटलं असणार.

२९ एप्रिल, रविवार

व्हिडिओवाल्याने चित्रण दिलं. मला फक्त एक तपासायचं होतं: यंत्र आईशी किती जुळलं. आवाज वेगळा काढून आलेख केला.

आईची रेघ ओळखू आली, जाड, कडेने कातरलेली. यंत्राची त्याहून सोपी. दोन समांतर रेघा, सात भागांच्या अंतराने, जशा मी आखल्या तशाच. पण त्यांच्यामध्ये एक तिसरी होती. थरथरती, कधी चार कंप खाली, कधी वर. दोष शोधायला बसले. विजेची घूं नाही. ती पन्नासवर स्वच्छ आहे. प्रतिध्वनी असेल तर मागून यायला हवा. ही रेघ मागून येत नव्हती. उलट आईचा श्वास संपण्याआधी, दर ओळीला, यंत्राच्या पाव सेकंद आधी ती सुरू होत होती. आधी ती, मग यंत्र.

शिवाला फोन केला. "तू चोरून इको मारलास का?"

"आईशप्पत नाय मावशी. तुमचा माइक होता ना चालू."

"कुठला माइक?"

"तुमच्या पुढ्यातला. तुमच्या आई, हौसाआजी बोलल्या होत्या, तिच्या तोंडाजवल ठेव आन् बंद नको करू. पेटी बारीक ठेव बोलल्या."

फोन ठेवला. पुन्हा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

मग आलेख बंद केला आणि नुसतं ऐकलं.

मला राग आला, हे प्रामाणिकपणे लिहिते. फसवणूक आहे ही. आईला विचारलं तर म्हणाली, "इचारलं असतं तर नाय बोलली असतीस." मी खरंच नाही म्हटलं असतं. रडण्यासारखा आवाज आहे माझा, अगदी सरांनी म्हटलं होतं तसा. चव्वेचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. त्याला काही करायची गरज आहे असं मला वाटत नाही.

२ मे

उलव्याहून एका बाईचा फोन आला. अठरा तारखेचं लग्न, दोन धवलारणी हव्यात. दादानेच माझा नंबर दिला.

"एक हौसाबाय, ते माहितीये. दुसरी कोन?"

"मी."

"तुमी... म्हंजे तुमचं लगीन—"

"नाही झालं. चालत नसेल तर आत्ताच सांगा. पाच मिनिटांत होणार नाही आणि शहनाई मिळणार नाही, तेही आत्ताच सांगते."

तिने मागे कुणाशी तरी बोलून घेतलं. मग विचारलं, "कितीला येनार?"

"मेढ रोवायच्या आधी," मी म्हटलं.

६ मे, रविवार

कीबोर्ड घेऊन कृष्णाबाईकडे गेले. दीपिका तो मागत नाही, माझ्याकडेच राहू दे म्हणाली. आई तिच्या खाटेवर बसली, मी खाली.

कृष्णाबाईला विचारलं, "तुमचा आवाज उलव्याला नेऊ का?" आणि या वेळी उत्तराची वाट बघितली. ती आईकडे बघत होती. आईने ओळ टाकली. मी उचलली, तोंडाने, आणि बोटाने पट्टीही दाबली.

तिचा डावा हात उचलला गेला. तळहात खाली, दाबला.

सूर बरोबर होता, पांढरी दोन. आईचाही, माझाही. मी यंत्राच्या आवाजाची सरकपट्टी थोडी खाली घेतली. हात पुन्हा दाबला गेला. आणखी खाली घेतली. गात राहिले आणि खाली घेत राहिले, तिचा हात दाबत राहिला. यंत्र अगदी तळाशी गेलं, एवढंच उरलं की नसतं तर चुकल्यासारखं वाटलं असतं. तेव्हा तिचा हात थांबला, आणि गोधडीवर ठेका धरला.